पोट सोडून बाकीच्या बाई

टेलरबाईंनी आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना टाके घातले आणि शेवटी हौसेनं स्वतःच्या पोटाला घालून घेतले. खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करून पोट छोटं केलं. वजन झपाझप उतरलं, नणंदेचा जळफळाट झाला, सगळं कसं मनासारखं. मग बोटं बधिर व्हायला लागली. सुई हातात आहे की पडली, हे डोळ्यांनी बघून ठरवायची वेळ आली. शिवणारीची बोटंच गेली तर तिनं करायचं काय? खाजगी डॉक्टर तोवर दवाखान्याला कुलूप घालून परदेशी गेले होते. म्हणून बाई नणंदेला घेऊन सरकारी दवाखान्यात आल्या. पोटात भीतीचा गोळा होता, तेवढीच काय ती तिथे जागा उरली होती.

बोटांना काही कळत नाही, असं बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं. "ऑपरेशनमुळे जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीयेत. इंजेक्शनं घ्यायला हवीत."

"मग द्या की," नणंद म्हणाली.

"कशी देणार? पोटाचं काम बाहेर, खाजगीत केलेलं आहे. बाहेरच्या कामाची देखभाल इथे होत नाही. पोट सोडून बाकीच्या बाई आमच्याच."

"अहो, पण इंजेक्शन दंडात देतात ना? दंड तर सरकारी आहे."

"दंड आमचाच. पण औषध पोटापायी लागतंय ना."

डॉक्टर माणूस भला, हीच तर पंचाईत. चिडताही येईना. हद्द कुठून कुठवर ते समजावायला ते हवेत बोटानं वाकड्यातिकड्या रेघा ओढू लागले. बाईंना त्या बघवेनात. त्यांनी पर्समधून खडू काढला आणि बरगड्यांखाली एक, कमरेवर एक, अशा सरळ रेघा स्वतःच्याच कपड्यावर आखून दिल्या.

"वहिनी, कमरेची जरा वर घ्या," नणंद म्हणाली. "उगाच जास्त जागा बाहेर जाते."

"आता कसं स्पष्ट झालं," डॉक्टर म्हणाले. "या दोन रेघांमधलं सोडून काहीही झालं तर हक्कानं या."

बाईंनी खडू ठेवायला पर्समध्ये हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटात टाचणी रुतली होती, रक्त ओघळत होतं, आणि बाईंना पत्ताच नव्हता. नणंद किंचाळली.

मग काय विचारता. बोट सरकारी. दोन नर्सा धावल्या, औषध लागलं, पट्टी झाली, धनुर्वाताचं इंजेक्शनही दंडात गेलं.

"दुखतंय का फार?" डॉक्टरांनी मायेनं विचारलं.

"नाही हो," बाईंचे डोळे भरून आले. "काहीच कळत नाही. मघापासून तेच सांगतेय."

"दुखत नाही ना? मग बरं झालं म्हणायचं," डॉक्टर समाधानानं म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.