चाळीस भालाईत

कवळ्या बनवण्यात कवळीवाल्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि उरलेल्या वेळात पटावरच्या लढाईचे बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. डोळ्यातली बाहुली एका केसाच्या ब्रशने. पायाखालच्या चकतीवर गोंद, गोंदावर चाळलेली वाळू आणि वाळूत चिमट्याने रोवलेलं गवताचं एकेक पातं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी घरात भिंती रंगवाव्यात, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

आज मुलगी चार वर्षांनी घरी आली होती. येण्याआधी फोनवर तीच म्हणाली होती, "बाबा, या वेळी तुमच्याशी एक डाव खेळायचाच." त्या एका वाक्यावर यांनी दोन महिने खपून चाळीस भालाईत उभे केले. ती समोर बसायला हवी होती, बाकी काही नको होतं. पण हे तोंडाने बोलतील तर शपथ!

मुलीला लढायला सैन्य हवं, म्हणून तिचा मामा आपलं घेऊन आला. तेही बुटांच्या खोक्यात.

"अरे वा, सेनापती आले!" कवळीवाल्यांनी नाक मुरडलं. "रंग ब्रशने दिलास की फरशी पुसायच्या फडक्याने? याचं नाक बघ, गालावर ओघळलंय."

"चालतंय की भाऊजी," मामा हसला.

मुलीने ते ओबडधोबड सैनिक भराभर लाकडी ट्रेमध्ये रचले. खेळाचा नियमच तसा होता. वीसजण ट्रेमध्ये खांद्याला खांदा लावून मावले तरच ती तुकडी, नाहीतर पटावर येता येत नाही. तिच्या दोन्ही तुकड्या पाच मिनिटांत तयार झाल्या.

आता यांची पाळी. पहिला भालाईत ऐटीत बसला. दुसऱ्याचा भाला पहिल्याच्या कानात गेला. तिसऱ्याच्या चकतीवरचा खडक चौथ्याला जागाच देईना. प्रत्येकाला एकट्यालाच टेबलावर ठेवून, चारी बाजूंनी न्याहाळत रंगवलेलं. शेजारी कोणी उभं राहणार आहे हे यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप खटपट करून ट्रेमध्ये सातजण मावले.

"भाऊजी, जबड्यात चौदा दात दाटीने बसवता, आणि इथे?" मामाला हसू आवरेना.

"थांबा बाबा, हा जरा वळवून बघते," म्हणत मुलीने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

तिने हात झटकन पाठीमागे नेला. सात वर्षांची असताना न्यायची तसाच. कवळीवाल्यांना ते दिसलं, पण माघार घ्यायची सवय नव्हती.

मामाने तोडगा काढला. "माझ्याच दोन तुकड्या आहेत ना? एक भाऊजींना देऊ."

"मी? या लगद्यांना हात लावू?" यांचा आवाज चढला. "कुठल्या गाढवाने रंगवलेत हे?"

मामाने मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी," मुलगी म्हणाली. "सहावीत होते. रोज शाळेतून मामाकडे जायचे."

एवढी वर्षं कवळीवाल्यांना वाटत होतं, ती तिथे गणित शिकायला जायची.

मुलीने एक तुकडी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "यांना हात लावलेला चालतो."