वेणीदानाची तालीम

दुर्गाघाटावरच्या दिनानाथशास्त्र्यांनी न्यायशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे ते झोपेतसुद्धा सिद्ध करत. बायकोच्या डोक्यावरचे केस गेले आहेत, हे मात्र त्यांना दोन वर्षांत कळलं नव्हतं.

यात त्यांचा फार दोष नव्हता. घर अरुंद, खोल्या अंधाऱ्या, आणि नवऱ्याने दिवसाउजेडी बायकोकडे निरखून पाहावं अशी त्या घराची रीत नव्हती. शिवाय शरदिनीच्या मानेवर चांगला घसघशीत अंबाडा असे. अंबाडा आहे म्हणजे केस आहेत, असं अनुमान शास्त्रीबुवांनीच काय, कुणीही केलं असतं.

अंबाडा गंगावनाचा होता. दोन वर्षांपूर्वी शरदिनीला मुदतीचा ताप आला. ती त्यातून उठली, पण उठल्यावर महिन्याभरात फणीला मुठी-मुठीने केस येऊ लागले. आधी तिने वेणी बारीक घातली, मग अंबाडा लहान बांधला, मग बांधायलाच काही राहिलं नाही. तेव्हा तिने गल्लीत येणाऱ्या चुडीवालीला हळूच विचारलं. बांगड्या आणि सुरमा दाखवून झाल्यावर चुडीवालीने गाठोड्याच्या तळातून खोट्या केसांचा एक काळाभोर झुबका काढला.

शरदिनीने हात मागे घेतला. काशीत मुंडलेल्या केसांना तोटा नव्हता. रोज घाटावर कुणा ना कुणाचं डोकं भादरलं जात होतं, आणि त्या केसांचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नव्हतं.

"ये किसके बाल हैं?"

"चँवर है, बहूजी. पहाड़ की गाय का. ठाकुरजी पर भी यही डुलाते हैं."

देवाला वारा घालणारी वस्तू आपल्याला चालायला हरकत नाही, असं मनाशी ठरवून शरदिनीने गंगावन घेतलं.

हे गुपित फक्त शेजारच्या विद्युल्लतेला ठाऊक होतं. विद्युल्लता कॉलेजात जायची. तोंडाला स्नो लावायची, त्यावर पावडर लावायची, आणि हे दोन्ही लावलेलं नाही असं घरी सांगायची. तिची मराठी घरातली, पण मासिकं हिंदी वाचायची, त्यामुळे तिचा सल्ला अर्ध्या वाटेवर भाषा बदलत असे.

"वहिनी, तुम्ही कांद्याचा रस लावा. हफ्ताभरात फरक पडतो, साफ लिखा है."

"कांदा? ह्या घरात?"

"खायचा थोडीच आहे? डोक्याला कुठे सोवळं असतं?"

"सासूबाईंच्या नाकाला असतं ना."

तरी तो प्रयोग एका दुपारी झाला. सासूबाईंनी दोन दिवस नाकाला पदर लावून खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाबूंचा उद्धार केला, आणि बिचारे बाबू आपण काय शिजवलं ते आठवत बसले. त्यानंतर माका झाला, जास्वंद झाली, खोबरेल तेलात उकळलेल्या वडाच्या पारंब्या झाल्या. शेवटी विद्युल्लतेने चौकातून कलकत्त्याच्या एका तेलाची बाटली आणली. बाटलीवर डाव्या बाजूला विरळ केसांची एक बाई डोळे पुसत होती. उजव्या बाजूला तीच बाई हसत होती आणि तिचे केस घोट्यापर्यंत पोचले होते. उजव्या चित्रात तिचं लुगडंही भारी होतं आणि नाकात मोत्यांची नथ होती. हे सगळं तेलानेच झालं का, असं शरदिनीच्या मनात आलं. पण तिने तेल लावलं.

आणि केस येऊ लागले. तेलाने आले, की पारंब्यांनी, की कुणी काही केलं नसतं तरी आलेच असते, हे सांगणं कठीण. विद्युल्लता यश तेलाला देई, कारण ते तिने आणलं होतं.

हे सगळं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात माघ जवळ आला.

शरदिनी तापाने बरळत होती तेव्हा तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, देवासमोर बसून बोलल्या होत्या, 'सून उठू दे, प्रयागला तिचं वेणीदान करवीन.' ज्या तापातून सून उठली त्याने तिचे केस नेले होते, आणि उठल्याबद्दल देवाला यंदाच्या माघात केसच द्यायचे होते. नवस बोलताना हे कुणाच्या लक्षात येणार?

वेणीदान हा आपल्या मराठी लोकांचा प्रकार. त्रिवेणीवर, नावेतच, नवऱ्याने बायकोला जवळ बसवून स्वतः तिचे केस विंचरायचे, वेणी घालायची, फुलं माळायची, आणि वेणीचं दोन बोटं टोक कापून तिच्या ओंजळीत द्यायचं. ते तिने पाण्यात सोडायचं. एरवी केस पाण्यावर तरंगतात, तिथे मात्र बुडतात, असं जाऊन आलेल्या बायका शपथेवर सांगत. पहाडी गाईचे केस बुडतात की नाही, याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बघायला शास्त्रीबुवांचे नागपूरचे मामा-मामीही येणार होते, आणि मामींची नजर अशी की त्यांना वरणातला खडा ताट वाढण्याआधी दिसे.

शरदिनीला रात्र रात्र डोळ्यांसमोर एकच दिसे. भर नावेत नवऱ्याच्या हातात गंगावन आलं आहे, मामी पुढे वाकल्या आहेत, आणि सासूबाई काही बोलत नाहीत.

शास्त्रीबुवांना यातलं काही ठाऊक नसल्यामुळे ते उत्साहात होते. त्यांनी वेणीदानाचा विधी चार पोथ्यांतून काढला. फणी कुठल्या हातात धरायची यावर त्यांना दोन मतं सापडली आणि एक दिवस आनंदात गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, की वेणी कशी घालायची हे एकाही पोथीत दिलेलं नाही.

अभ्यास नसलेलं कर्म करू नये, हे त्यांचं मत. म्हणून त्यांनी सुतळीचे तीन पदर खिडकीच्या गजाला बांधले आणि तालीम सुरू केली. अन्नपूर्णाबाई समोर बसून पाहत.

"दिना, वेणी घालतोयस की पोत्याचं तोंड शिवतोयस?"

"तीन पदर आहेत, आई. पहिला दुसऱ्यावरून नेला की दुसरा पहिला होतो. मग तिसरा—"

"मोजू नकोस. हाताला कळू दे."

असं म्हणून त्यांनी हवेत बोटं फिरवून दाखवली. बोटं भराभर चालली, मग त्यांनी हात लाल आलवणाखाली घेतले. नवरा गेला त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा फिरत होता, आणि फणीशी त्यांचा संबंध उरला नव्हता.

सुतळीची वेणी जमल्यावर शास्त्रीबुवांनी जाहीर केलं, "आता प्रत्यक्ष."

शरदिनीचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी सोमवार निघाला, आणि सोमवारी केसांना तेल लावत नाहीत. ती विद्युल्लतेकडे गेली.

"सांगून टाका ना, फॅशन आहे म्हणून. विलायतेत बायका शौक से केस कापून घेतात, मानेपर्यंत."

"विलायतेत घेत असतील. काशीत हौसेने कोण कापतं गं? इथे बाईचे केस गेले की लोक आधी विचारतात, कधी गेले?"

"केस?"

"नवरा."

विद्युल्लतेने हातातलं मासिक मिटून ठेवलं. असं क्वचित होई.

अखेर एका दुपारी शास्त्रीबुवांनी गच्चीवर चटई टाकली, फणी, तेल आणि आरसा मांडला, आणि शरदिनीला हाक मारली. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. खाली गंगेवरून नावाड्याची आरोळी येत होती. टाळायला आता वारही उरला नव्हता. ती येऊन पाठमोरी बसली. आपणच आधी सांगावं, असं तिने जिन्यातून येताना ठरवलं होतं. पण बसल्यावर ती चटईची एक सुटी काडी उपसत राहिली.

शास्त्रीबुवांनी एक आकडा काढला, दुसरा काढला, अंबाड्याला हात घातला, आणि अंबाडा सबंध त्यांच्या हातात आला.

शरदिनीने डोळे मिटून घेतले.

मग शास्त्रीबुवा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "लागलं का गं फार?"

ती वळली. शास्त्रीबुवांचा चेहरा पांढरा पडला होता. गंगावन त्यांनी दोन्ही तळहातांवर, घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसं धरलं होतं.

"मी जोर नव्हता केला," ते म्हणाले. "खरंच. नुसता हात लावला. वैद्यांना बोलावू का?"

शरदिनीला हसू आलं. ते थांबेना, आणि मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तेही थांबेना.

"अहो, तुम्ही नाही उपटलं. ते माझं नाहीच. तापात माझे गेले."

"तापात? त्याला दोन वर्षं झाली."

"हो."

"आणि मी—"

"तुम्ही बघितलंच कुठे?"

शास्त्रीबुवांनी गंगावन चटईवर हलकेच ठेवलं आणि पहिल्यांदाच बायकोचं डोकं नीट पाहिलं. मानेपर्यंत रुळणारे मऊ केस होते. पूर्वीचे सरळ होते, हे त्यांना कसंबसं आठवलं.

"हे कुरळे कधीपासून?"

"आले तेच असे."

"छान दिसतात," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून घाईने शास्त्राकडे वळले. "मुळीच अडचण नाही. दोन बोटं टोक कापायचं, एवढंच वचन आहे. मागे किती उरावेत, असं कुठेही म्हटलेलं नाही. ह्यांचीही वेणी होईल. बोटभर होईल, पण होईल."

"मला अडचण आहे."

"कसली?"

"दोन बोटं वाढवायला मी काय काय केलंय, तुम्हाला ठाऊक नाही. मला नाही द्यायची ती. देवालासुद्धा नाही."

हे बोलून ती स्वतःच दचकली. कारण जिन्याच्या तोंडाशी, वाळत घातलेल्या सांडग्यांसाठी ताट घेऊन, अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या.

शरदिनीने झटकन पदर डोक्यावर ओढला.

"काढ तो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

तिने काढला. सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग चटईवरच्या गंगावनाकडे, मग मुलाकडे. मुलगा फणी पाठीमागे लपवत होता.

"नवस मी बोलले होते. मला सांगायचं नाही?"

"भीती वाटली."

"माझी?"

"सवाष्णीचं डोकं असं... तुम्ही काय म्हणाल..."

"डोक्याचं मला सांगतेस?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शरदिनीची नजर त्यांच्या आलवणाकडे गेली. खालचा नावाडी ओरडतच होता.

"यंदा जायचं नाही," अन्नपूर्णाबाईंनी ताट खाली ठेवलं. "नवस माझा आहे. पुढे ढकलला, असं देवाला मी सांगेन. देता येईल इतके झाले, आणि तिला द्यावेसे वाटले, की जाऊ."

"पण मामा निघालेत, आई. त्यांना काय सांगायचं?"

"माझे गुडघे धरलेत म्हणून सांग."

"ते असत्य होईल."

"गुडघे आहेत ना मला? मग दुखतील की. मामी आली की अशी कण्हेन, की तुलासुद्धा खरं वाटेल. सरक तिकडे. आणि ती फणी दे. मुळापासून ओढतोस म्हणून सगळं हातात येतं. आधी टोकाचा गुंता सोडवायचा असतो."

शास्त्रीबुवा सरकले. अन्नपूर्णाबाई चटईवर बसल्या, सुनेला पुढ्यात घेतलं आणि फणी केसांना लावली. पहिल्यांदा ती त्यांच्या हातातून निसटली. त्यांनी उचलली आणि पुन्हा लावली. एक कुरळी बट त्यांनी दोन बोटांत धरून सरळ केली, सोडली, ती परत वर गेली. त्यांनी ती पुन्हा सरळ केली.

"दुखत नाही ना?"

"नाही," शरदिनी म्हणाली.

ऊन भिंतीवर चढेपर्यंत त्या विंचरत राहिल्या. विंचरण्याजोगे केस केव्हाच संपले होते.

"माझ्या हाताला सवय राहिली नाही," त्या अखेर म्हणाल्या. "उद्या याच वेळेला ये."