बोटीवरचा बर्फ

नबीलने कंटाळून फुटबॉल सोडला असं अब्बा अजून समजतात. आता खरं सांगून उपयोग तरी काय? पण मनातून जात नाही मेलं.

नबील माझा धाकटा भाऊ. अब्बा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा सुट्टी. २००३ साली ते बुरोंडीला, आमच्या गावी आले तोवर त्यांनी त्याला एकदाही खेळताना बघितलं नव्हतं. दापोलीची फायनल रविवारी आणि अब्बांचं परत जायचं विमान सोमवारी. कधी नव्हे ते जुळून आलं होतं.

बुधवारी सरावाला नबीलचा पाय कातळावरच्या खड्ड्यात गेला. घोटा सुजून टम्म झाला. अब्बा तिकिटाच्या कामाला मुंबईला गेलेले. मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"लिगामेंट ताणलंय," डॉक्टर म्हणाले. "बर्फ लावा, पाय उंच ठेवा. महिनाभर धावायचं नाही. आत्ता खेळलास तर घोटा कायमचा अधू होईल."

बर्फाला आमच्याकडे काय तोटा? मामूंच्या बोटीवर मासळीसाठी लाद्याच्या लाद्या यायच्या. महिना मात्र कोणाकडेच नव्हता.

"अब्बांना सांगू नका," नबील म्हणाला. "ते बघून जाऊ देत, मग पडून राहतो."

"माणूस एवढ्या लांबून येतो गं, कौसर," अम्मी मला म्हणाली.

"आणि पाय गेला तर?"

"तोंडातून वाईट काढू नकोस."

मला गप्प करायला आमच्या घरात एवढं पुरतं. शनिवारी अब्बा परतले तेव्हा नबील मामूंकडे झोपायला गेला होता.

रविवारी मामूंनी गोणपाटातून कुटलेला बर्फ आणला. नबीलने पाय बधिर होईपर्यंत त्यात ठेवला, मग करकचून पट्टी आणि वर मोजा. बरं वाटावं म्हणून सांगितलेला बर्फ आम्ही दुखणं कळू नये म्हणून वापरला. मोठे शहाणे आम्ही.

खेळला मात्र काय खेळला. त्याने गोल केला तेव्हा अब्बा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटले, "माझा मुलगा आहे." नंतर वळताना नबील कोसळला. उठला, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. अब्बा टाळ्या वाजवत होते.

सोमवारी अब्बा निघाले तेव्हा तो पांघरुणातच होता, पाय खाली टेकवत नव्हता. "दमलाय, झोपू दे," म्हणत त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे प्लास्टर झालं, मुंबईचे डॉक्टर झाले. नबील चालतो नीट, पण धावायला गेला की घोटा वळतो. फोनवर अम्मी सांगायची, "अभ्यास असतो त्याला." अब्बा उलट तिच्यावरच चिडायचे, पोराला खेळू देत नाहीस म्हणून.

दोन वर्षांनी ते आले. बॅगेतून आधी फुटबॉलचे बूट काढले. खाली बसून स्वतः नबीलच्या पायात घातले, नाड्या बांधल्या, पुढे अंगठा दाबून बघितला.

"बरोबर बसले. या वेळी चांगला दोन महिने आहे मी. मॅच कधी आहे?"

नबील म्हणाला, "सुटला खेळ, अब्बा. कंटाळा आला."

बांधलेल्या नाड्या अब्बांनी एकेक करून सोडल्या.