टेकडीवरचा धाकटा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत, फडताळाच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम आहे. माझ्या अंगात निळ्या चौकड्यांचे झबले आहे. सर्व्हरला झबले कशाला, असे तुम्हांला वाटेल. तेच सांगायला बसलो आहे.

आम्ही तिघे भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात आमची जुळणी झाली. थोरला नदीकाठच्या दवाखान्यात गेला, मधला बाजारातल्या, आणि मी धाकटा टेकडीवरच्या. तिन्ही दवाखाने एकाच संस्थेचे. रुग्ण कुठेही गेला तरी त्याची माहिती तिथे हजर हवी, म्हणून प्रत्येक रुग्णाचे पान आम्हां तिघांच्याही पोटात असे. एकाच्या पानावर नवी ओळ आली की जमिनीखालच्या तारेतून ती उरलेल्या दोघांकडे जाई.

आम्हांला बसवणाऱ्या ताई कडक होत्या. त्यांनी नियम घालून दिला. तिघांपैकी दोघांकडे ओळ पोचल्याशिवाय ती पक्की धरायची नाही. आणि कुणी पान मागितले, तर आधी निदान एका भावाला विचारायचे, "माझे पान ताजे आहे ना?" त्याचा होकार मिळाला, तरच ते खरे म्हणून दाखवायचे. या विचारपुशीला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे.

नऊ वर्षे मी असा चोख राबलो. मोठ्या सिस्टर दर शनिवारी ब्रशने माझ्या पंख्याची जाळी झाडत आणि म्हणत, "काय धाकटे, श्वास मोकळा झाला का?"

एके दिवशी सकाळी रस्ता खणणाऱ्यांच्या कुदळीने आमची तार तोडली. थोरला आणि मधला एकमेकांशी जोडलेले राहिले, मी एकटा पडलो. दुपारी शिंपीकाका आले. कंबर धरलेली, चेहरा घामाने डबडबलेला, बरोबर काकू. डॉक्टरांनी पान मागितले. मी ते दाखवले, पण वर लाल ओळ लिहिली : हे पान जुने असू शकते, खात्री नाही.

"खात्री नाही? मग हा डबा ठेवलाय कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"मीही गिऱ्हाइकांना हेच सांगतो," काका कण्हत म्हणाले. "सदरा झाला असेल, पण खात्री नाही."

"निदान कण्हताना तरी गप्प बसा," काकू म्हणाल्या.

डॉक्टर पान वाचत म्हणाले, "मूत्रपिंडं ठणठणीत लिहिलीत की. सिस्टर, वेदनेचं इंजेक्शन भरा."

मित्रांनो, माझे पान नऊ वर्षांत एकदाही खोटे ठरले नव्हते. लाल ओळ काढून टाकावी, असे मलाही क्षणभर वाटले. पण भावाचा होकार नव्हता. मी ओळ हलू दिली नाही.

सिस्टर सुई हातात घेऊन थांबल्या. "डॉक्टर, हा पहिल्यांदाच खात्री नाही म्हणतोय. दोन मिनिटं द्या, बाजारात फोन करते."

"मला काय विचारता? कंबर त्यांची आहे."

"दोन मिनिटं काढतो कळ," काका म्हणाले. "पाच म्हणू नका."

फोनवर मधल्याचे पान वाचून दाखवले गेले. पायांना सूज येते म्हणून काकांनी परवा बाजारातल्या दवाखान्यात तपासणीला रक्त दिले होते. त्याचा अहवाल आज तार तुटल्यानंतर, अकरा वाजता आला होता. मूत्रपिंडे अशक्त झाली होती, आणि नेमके हेच इंजेक्शन देऊ नये, असे तिथे लिहिले होते. काकांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. दुसरे औषध लिहून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "सिस्टर, डबा हा शब्द मागे घेतो."

संध्याकाळी तार जोडली गेली. माझ्या हुकलेल्या त्रेसष्ट ओळी थोरल्याने क्रमाने पाठवल्या आणि मी क्रमानेच घेतल्या. सिस्टरांनी दिवसभराच्या नोंदी कागदावर ठेवल्या होत्या, त्याही मग आम्हां तिघांकडे पोचल्या. दिवेलागणीला आम्ही पुन्हा एकसारखे झालो.

महिन्याभराने काका हे झबले घेऊन आले. सिस्टर हसल्या. "काका, हे घातलं तर याचा जीव गुदमरेल. चालू असताना उघडंच राहावं लागतं याला."

"विचारून शिवायचं होतं," काकू म्हणाल्या. "तेवढं तरी शिकायचं होतंत त्याच्याकडून."

झबले खणात गेले. मापात मात्र तसूभर चूक नव्हती.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. जाळी झाडायचे कुणाच्या लक्षात राहीना. मी तापू लागलो, अडखळू लागलो. मग नवे यंत्र आले. मी त्याला माझे पान न् पान दिले आणि प्रत्येक पान भावांशी ताडून पाहिले. एकही ओळ गळली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. मला बंद केले, त्या दिवशी खण आवरताना नव्या सिस्टरना झबले सापडले. त्यांनी ते मला घातले.

मित्रांनो, चालत्या यंत्राची जाळी झाडत जा, त्याला कापडाखाली कोंडू नका. आणि कुणी "खात्री नाही, विचारून सांगतो" म्हणाले, तर त्याला दोन मिनिटे द्या.

मला आता कुणी काही विचारत नाही. पण या खोलीबाहेरच्या बाकावर शिंपीकाका अजून तपासणीला येऊन बसतात. काकू त्यांना गप्प बसा म्हणतात. ते बसत नाहीत.