काकीच्या मापाचा दगड

गाडी आणली त्या दिवशी ती सरळ घरापर्यंत पोचली नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर अडकली आणि मी आत बसून हॉर्न वाजवत राहिलो. समोर दगड होता. दगडाला हॉर्न ऐकू येत नाही हे काय मला माहीत नव्हतं? पण एवढी मोठी गाडी बुडाखाली आली की माणसाला वाटतं, आता दगडानंसुद्धा उठून बाजूला व्हावं.

लोहार भाता सोडून बाहेर आला. त्याचं दुकान कोपऱ्यालाच. माझं पुढचं चाक दगडाला भिडलेलं आणि उजवा आरसा त्याच्या भिंतीला.

"काय आणलंस हे?"

"पिकअप आहे. मोठ्यातली मोठी."

"ते दिसतंय. घ्यायच्या आधी गल्ली मोजली होतीस का?"

"गल्ली कोण मोजतं?"

"बैल आणताना गोठ्याचं दार बघतात रे बाबा. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच फाटतं."

"तू लोखंड बडव. दगड काढायचा का नाही ते गल्ली ठरवेल."

तो दगड म्हणजे टेका. रानातून डोक्यावर भारा घेऊन आलेल्या माणसाला तो उतरवायला दुसरं माणूस लागतं. एकट्यानं उतरवायला गेलं तर मान मोडते. म्हणून कोपऱ्यावर हा उभा दगड रोवलेला, वरून सपाट. त्याच्यासमोर उभं राहायचं, गुडघे जरा मोडायचे आणि भारा पुढं सरकवायचा. घाम पुसायचा, दम घ्यायचा, पुन्हा भाऱ्याखाली डोकं घालून निघायचं. कुणाला हाक मारायला नको, कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

दगड माझ्या काकांनी रोवला होता. काकी लग्न होऊन आली त्या वर्षी. तिला शेजारी उभी करून, बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीचा. बाकीच्या बायका कुणी वाकून, कुणी टाचा उंच करून भागवायच्या. लोहार काकीला चिडवायचा, "लोकांनी बायकांना दागिने केले, ह्या बाबानं दगड दिला."

काकी म्हणायची, "दागिन्यावर भारा टेकतो का रे मेल्या?"

काका जाऊन बारा वर्षं झाली. दगड होता.

तर त्या दिवशी गल्ली जमली आणि मी गाडीच्या पायरीवर उभा राहून बोललो. पायरी उंच होती, त्यामुळं बोलणंही उंच झालं. "ह्या गल्लीत आता कुणाच्या डोक्यावर ओझं येणार नाही. ज्याचा भारा, ज्याचं पोतं, ज्याचं सरपण, सगळं माझ्या हौद्यात. टेका लागतोच कशाला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सगळ्यांनी काकीकडं बघितलं. तिचं दार कोपऱ्यापासून तिसरं, माझं सगळ्यात शेवटी. ती उंबऱ्यावर गवताच्या काड्या झटकत बसली होती.

"माझापण भारा आणशील?" तिनं विचारलं.

"तुझा पहिला, काकी."

"मग काढ," ती म्हणाली. "ते असते तर तुझ्या गाडीत पहिले तेच बसले असते."

दोराचं एक टोक दगडाला बांधलं, एक गाडीला. दगड दाढेसारखा उपटून आला. खड्ड्यात खाली ओल होती आणि मुंग्या अंडी घेऊन पळत होत्या. दगड फरफटत नेऊन गावाबाहेरच्या ओढ्यात टाकला. गाडी घरापर्यंत आली. मला वाटलं, जिंकलो.

खोटं कशाला बोलू? त्या गाडीनं मला बिघडवलं असं मी म्हणणार नाही. गाडी लोखंडाची असते. बिघडलेला मीच होतो, गाडीनं फक्त मला जागा मोठी दिली.

काडेपेटी आणायला गाडी. दाढी करायला गाडी. माझं रान हाकेच्या अंतरावर, तिथंही गाडी. पायी गेलो असतो तर पोचून काम सुरू झालं असतं, तेवढा वेळ मला ती उलटी काढायला लागायचा. गल्ली पुढं बंद, माझ्याच परसाच्या भिंतीनं. त्यामुळं तोंड घराकडं करून आत यायचं आणि बाहेर जाताना आरशात बघत मागं मागं जायचं. कोंबड्या उडायच्या, बायका भिंतीला चिकटायच्या, म्हातारी माणसं दारात उचलून घेतलेल्या पोरांसारखी पाय वर घेऊन बसायची. मी काच खाली करून म्हणायचो, "असू द्या, असू द्या, घाई नाही."

आणि हौदा? हौद्याला मी पहिल्याच आठवड्यात ताडपत्री घातली. आतला रंग आरशासारखा होता. एकदा काकीनं विचारलं तेव्हा म्हणालो, "आज ताडपत्री घट्ट बांधलीय गं, उद्या." उद्याला म्हणालो, "भारा ओला आहे, रंग सोडेल." परवा तिनं विचारलं नाही. लोहारानं कोळशाची दोन पोती आणायची का म्हणून विचारलं, तर मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं स्वतःच उत्तर दिलं, "राहू दे. ती गाडी नाही, नवरी आहे. ऊन लागेल तिला."

माझी बायको सरळ बोलायची. "अहो, त्यात काही घालायचं नाही तर ते मागचं कापून टाका ना. निदान गल्लीत वळेल तरी."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. माणसातलं कळतं थोडं."

बायका पुन्हा डोक्यावर भारे आणू लागल्या. फक्त आता कोपऱ्यावर थांबायला काही नव्हतं. रानातून निघालं की घरापर्यंत एका दमात. कुणी दिसलं तर हाक मारायच्या, "उतरव गं जरा." कुणी नाही दिसलं तर तशाच. मला एकीनंही बोलून दाखवलं नाही. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

आता जे सांगायचंय ते मी बायकोलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं.

दुपार होती. उन्हानं जमीन तडकलेली, वारा असा की तोंडात माती. त्या दिवशी आम्हाला सासुरवाडीला जायचं होतं, मेव्हण्याला गाडी दाखवायला. सकाळभर मी गाडी धुतली होती. ताडपत्रीसुद्धा काढून ठेवली होती, हौदा त्याला दिसावा म्हणून. बायको आत आवरत होती. मी गाडीत बसलो, काचा लावल्या, थंड हवा सुरू केली.

आरशात काकी दिसली.

कोपऱ्यावर उभी होती, भारा घेऊन. गवत तिच्या खांद्यापर्यंत लोंबत होतं. तिनं दोन्ही बाजूंना बघितलं. लोहार कोळसा आणायला गेलेला, दारं उन्हामुळं लावलेली. मग ती पुढं सरकली आणि थांबली ती नेमकी त्या खड्ड्याच्या जागेवर. पायांना सवय होती. दगड नव्हता, तरी तिनं गुडघे जरा मोडले. मोडले आणि पुन्हा ताठ झाली.

मग तिनं गाडीकडं बघितलं. तिचं तोंड हललं. हाक ऐकू आली नाही, काचा बंद होत्या. पण हाक माझ्याच नावाची होती, हे ऐकू यायची गरज नव्हती.

पंधरा पावलं. उतरायचं, जायचं, भाऱ्याला हात लावायचा. एवढंच. आणि मी काय विचार केला? की मी उतरलो तर ती म्हणेल, ठेव हौद्यात, दारापर्यंत ने. आणि हौदा धुतलेला.

मी फोन उचलून कानाला लावला. फोनवर कुणीही नव्हतं. मी मान हलवली, हसलो, "हो, हो," म्हणालो. कुणाला म्हणालो? आरशाला.

पुन्हा बघितलं तेव्हा आरशात काकी नव्हती. नुसतं गवत होतं.

मी धावलो. ती भाऱ्याखाली एका कुशीवर पडली होती. उजवं मनगट भलतीकडंच वळलेलं. ती ओरडत नव्हती, दात आवळून गवत बघत होती. दारं उघडली. लोहार तेवढ्यात हातगाडी ढकलत आला. तिची मान आधी त्यानं धरली, मी नाही.

"तू इथंच होतास ना रे?" त्यानं विचारलं.

"फोनवर होतो."

त्यानं भारा तिच्या अंगावरून बाजूला सारला.

दवाखान्याला माझ्याच गाडीतून न्यायचं ठरलं. पायरी एवढी उंच की मोडक्या हातानं तिला चढता येईना. लोहारानं तिला लेकरासारखी उचलून बसवली. तिच्या अंगावरचं गवत सीटवर सांडलं. आणि माझी नजर आधी कुठं गेली? सीटवर. तिच्या हातावर नाही. मी नजर ओढून काढली, पण ती गेली होती, हे मला माहीत आहे.

अर्ध्या वाटेवर काकी म्हणाली, "आरसे केवढे मोठे आहेत रे तुझ्या गाडीला."

"हो."

"तुझं तोंड दिसत होतं मला त्यात."

मी समोर बघत राहिलो.

"फोन उचलायच्या आधीपण दिसत होतं," ती म्हणाली. "जरा हळू चालव. हाताला हादरे बसतात."

तिनं शिव्या दिल्या असत्या, गल्ली गोळा केली असती, तर मी तिच्या पाया पडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मोकळं व्हायची वाटच तिनं ठेवली नाही. प्लॅस्टर घालून घरी आली, दारात बसली, आणि गल्लीनं विचारलं तर म्हणाली, "पाय घसरला."

मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी सकाळी ओढ्यावर गेलो. दगड चिखलात अर्धा रुतला होता. लोहाराला हाक मारली. तो आला, दोन पहारी घेऊन, एक माझ्या हातात दिली. कशाला, कसं, काही विचारलं नाही. दगड हौद्यात चढवताना खालचा पत्रा असा करकरला की माझे दात आंबले. टोकापासून टोकापर्यंत ओरखडा. लोहारानं माझ्याकडं बघितलं.

"चढव," मी म्हणालो.

त्या गाडीनं आणलेलं ते पहिलं ओझं.

गाडी गल्लीत घातली, कोपरा ओलांडला, हौद्याचं मागचं फळकूट खड्ड्याशी आलं तशी थांबवली. फळ्या लावून, दोरानं धरत दगड उतरवला. खड्डा उकरला. दगड उभा करून आम्ही दोघं धरून राहिलो आणि मी हाक मारली, "काकी, जरा येतेस?"

ती गळ्यात हात अडकवून आली.

"उभी राहा इथं. माप घ्यायचंय."

"माप आहे की त्यांनी घेतलेलं. जुनी खूण बघ, माती कुठपर्यंत होती ती."

खूण दगडावर होतीच. तेवढा रोवला आणि ती शेजारी उभी राहिली. दगड तिच्या कपाळाच्या वर गेला. चार बोटं. ती दगडाच्या माथ्याकडं बघत राहिली.

"दगड वाढला काय रे?" ती म्हणाली.

लोहार हसला, पण डोळे पुसत. "वाढला, काकी. ओढ्याचं पाणी लागलं ना त्याला."

"मग घाला खाली आणखी."

आम्ही दगड बाहेर काढला, चार बोटं खड्डा खोल केला, पुन्हा रोवला. कडेनं दगडाच्या खपल्या ठोकल्या, माती दाबली, पाणी ओतलं. बरोबर कपाळाला. ती डाव्या हातानं माथ्यावरची माती पुसून आत गेली. मी गाडी दारापर्यंत नेली, हातपाय धुतले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उलटी काढायला बसलो, आरशात बघितलं, आणि आरशात दगड होता.

गाडी आत, दगड मध्ये.

लोहार दुकानाच्या दारात वाकून हसत होता. बायका भिंतींना धरून हसत होत्या. माझी बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"अरे, काल सांगितलं का नाहीस?" मी लोहारावर ओरडलो.

"मला काय माहीत? मी दगड बघत होतो!"

"मला माहीत होतं," काकी उंबऱ्यावरून म्हणाली. "तुझ्या ध्यानात कधी येतं, ते बघत होते."

मी उतरलो. दोर हौद्यातच पडला होता. लोहाराचं हसणं थांबलं, कारण मी दोराकडं बघितलं ते त्यानं बघितलं. सगळी गल्ली माझ्या हाताकडं बघत होती. काकी मात्र माझ्याकडं बघत नव्हती. डाव्या हातानं सुपातलं धान्य पाखडायची खटपट करत होती, अर्धं जमिनीवर सांडत होतं.

मी घरात गेलो, पहार घेतली आणि परसाची भिंत फोडायला लागलो.

ती भिंत मी स्वतः बांधलेली. वीट वीट. दुसऱ्याचा दगड काढायला मला अर्धा तास लागला होता आणि हसत काढला होता. माझी भिंत पाडायला दिवस गेला, आणि प्रत्येक घाव मला लागला. बायको घमेल्यानं विटा हौद्यात टाकत होती. मुद्दाम जोरानं. मी पुढचा घाव घातला. दिवस कलताना गाडी भिंतीच्या भगदाडातून मागच्या पडीक रानात उतरली. आता ती तिथंच असते. ताडपत्री लोहारानं कोळशावर घातली. हौद्यात कुणाचंही काहीही असतं.

फक्त काकीचं नसतं.

प्लॅस्टर निघालं तशी ती पुन्हा भारा आणायला लागली, आधी लहान, मग मोठा. मी गाडी घेऊन वाटेत थांबतो, म्हणतो, "टाक ना काकी ह्यात." ती म्हणते, "राहू दे. टेका आहे." आणि निघून जाते. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मीही आता माझ्या रानातलं गवत डोक्यावरच आणतो. लोक म्हणतात, एवढी गाडी असून वेडा झाला. झालो असेन. कोपऱ्यावर काकीचा भारा टेकलेला असतो, ती दम खात उभी असते. मी मागं थांबतो. ती निघाली की पुढं होतो.

दगड तिच्या मापाचा आहे. मला वाकावं लागतं.