मुद्देमाल

पोत्यातून बाहेर काढलं तेव्हा खवल्या मांजर जिवंत होतं. धडधाकट होतं. पायाला तारेचा काच, बाकी काही नाही. डॉक्टर संघरत्नाने तसं स्पष्ट सांगितलं.

खबर दिघाशीच्या लडकूने दिली होती. कशेळीच्या गोदामात सौदा होता, विकणारा तिथेच धरला. तो लडकूचा सख्खा चुलतभाऊ. जनावर दिसलं की कळवा, असं संघरत्ना वर्षानुवर्षं गावोगाव घसा फोडून सांगत आली होती. लडकूने ते खरं मानलं.

आज संध्याकाळीच रानात सोडू, ती वनखात्याच्या साहेबांना म्हणाली. हे कोंडलं की खात नाही. साहेब हसले.

"मॅडम, हा केसचा मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडला तर आरोपी सुटेल आणि मी घरी बसेन."

कोर्टाला दिवाळीची सुट्टी होती.

मुद्देमाल. चोरीची मोटरसायकल, गावठी दारूचे कॅन आणि हे. जगातून संपत चाललेलं जनावर, त्याच्या पिंजऱ्यावर केसचा नंबर चिकटवला. कायदा म्हणे त्यालाच वाचवायला केलाय.

संघरत्ना वारुळाची ढेकळं, लाल मुंग्यांची घरटी आणून टाकत राहिली. जनावर अंगाची वळकटी करून पडून होतं. नळीने पाजलेलं बाहेर येत होतं. जिवंतपणी ही वळकटी दोन माणसांना सुटत नाही. एका सकाळी तिने नुसता हात लावला आणि ती सुटली.

तिला रडू आलं नाही. चहा प्याली, तो गार होता हे नंतर कळलं. खवले सांभाळा, कोर्टात दाखवायचेत, असं साहेबांनी सांगितलं. तिने सांभाळले.

दुपारी लडकूचा फोन आला.

"सोडला का त्याला रानात?"

"मेलं."

आज ऊन फार हाय म्हणावं तशा आवाजात तो बोलला, "भावकीनं वाळीत टाकलाय मला. ते जाऊ द्या. आमच्या बांधावर मादी हाय एक. शेपटीवर पिल्लू घेऊन फिरते. सायबाला सांगू?"

"नको. कोणालाच सांगू नका. मलाही नाही."

"मंग तुमी कशाला हाय?"

संघरत्नाने फोन ठेवला. पिंजरा धुवायचा राहिला होता. तो धुवायला घेतला.