आद्रोआल्दोचा तुंबा

मी तुंबा. हसू नका, ब्राझीलच्या दक्षिण टोकाला माझा मोठा मान आहे! वेलीवर पिकलो, उन्हात वाळलो, मान कापून घेतली आणि आद्रोआल्दो मासेमाराच्या हाती आलो. चाळीस वर्षं माझ्या पोटात 'माते' नावाच्या पाल्याची हिरवी पूड, वर गरम पाणी नि ओढायला नळी. कडू जहर! पण त्याशिवाय आमच्याकडे कुणाची सकाळ होत नाही.

बायको गेल्यावर आद्रोआल्दो किनाऱ्यावरच्या घरात एकटाच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तशी त्याची मुलगी नेइवा हटून बसली, "बाबा, घर विका नि शहरात माझ्याकडे चला."

आमच्या किनाऱ्यावरून हौशी लोक पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठ-आठ दिवस चालतात. म्हातारा म्हणाला, "त्यातला एका दिवसाचा टप्पा चालून दाखवतो. दिवस मावळायच्या आत दीपस्तंभ गाठला, तर घराचं नाव काढायचं नाही."

दोघं निघाले आणि दक्षिणेचा वारा सुटला. समुद्र वर चढला, घट्ट वाळू पाण्याखाली गेली. भुसभुशीत वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं. तासातासाने म्हातारा म्हणे, "बस गं जरा, पाणी गार होतंय." थर्मासातलं पाणी कसलं गार होतंय! गुडघा ठणकत होता. मी त्याच्या मुठीत होतो, मला कळत होतं.

"बाबा, गाडी बोलावू?"

"तू बस गाडीत. मी येतो मागाहून."

काय माणूस! कमरेइतका ओढा आडवा आला, तर मला डोक्यावर धरून, शिव्या घालत पार केला.

ऊन उतरता उतरता त्याने दीपस्तंभाला हात टेकला. नेइवा रडत रडत हसली. "जिंकलात बाबा!" तिने मला भरून त्याला दिलं. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि परत देताना म्हणाला, "धन्यवाद."

आमच्यात एकच तुंबा पुन्हा पुन्हा भरून सगळ्यांत फिरतो; परत देताना धन्यवाद म्हटलं, की अर्थ एकच : पुरे, आता नको. पहिल्याच फेरीला हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"एकच, बाबा?"

"पुरे गं. गुडघा संपला. घर विक."

"अहो, पण तुम्ही जिंकलात ना!"

"म्हणून तर म्हणतोय. हरलो असतो, तर मेलो तरी आलो नसतो."

आता मी शहरात, सहाव्या मजल्यावर. रोज चार वाजता तो मला भरतो आणि दाराकडे बघत बसतो. शेजारी येतात, पण सगळे घाईत. एवढंच मागणं आहे : त्याने मला पुढे केलं, तर उभ्याउभ्या घोट घेऊन पळू नका. खुर्ची ओढा आणि विचारा, "आजोबा, किती चाललात हो तुम्ही?"